थंड इंजिन खरं बोलतं

गॅरेजात गाडी घेऊन आलेला माणूस आधी गाडीचा आवाज काढून दाखवतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं, तरी काढतोच. चारचौघांत घसा खाकरायला लाजणारे वकील टाय सावरत "कुर्रर्र-खट्, कुर्रर्र-खट्" करतात. शाळेच्या मुख्याध्यापिका गाल फुगवून "भुप् भुप् भुप्" करतात आणि लगेच मागे वळून बघतात, एखादा विद्यार्थी तर उभा नाही ना! आत्या हे सगळं चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता ऐकून घ्यायची. हसली की गिऱ्हाईक बिचकतं, आणि बिचकलेलं गिऱ्हाईक आवाज अर्धाच काढतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आत्या म्हणजे गॅरेजची मालकीण आणि इंजिनाची मिस्त्री, दोन्ही. भावाची मुलगी लहान असताना गॅरेजात येऊन दिवसभर "आत्या, आत्या" करायची, ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. तिच्याहून वयाने मोठा असलेला रंगारीही तिला आत्याच म्हणायचा. चष्मा दोरीला बांधून गळ्यात, केस जुन्या फडक्यात, आणि कमरेला हातभर लांब पेचकस. पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग ती इंजिनाच्या पोटातलं सगळं ऐकायची. स्वतःला मात्र साधी शिट्टी वाजवता येत नव्हती. देणाऱ्याने कान भरभरून दिले आणि घशाच्या वेळी हात आखडता घेतला.

तिचा एकच नियम होता. गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवायची, रात्रभर किल्लीला कुणी शिवायचं नाही. सकाळी बॉनेटवर हात ठेवून ती उभी राहणार, "दे" म्हणणार, मगच स्टार्टर मारायचा.

"थंड इंजिन खरं बोलतं," ती म्हणायची. "गरम इंजिन गोड बोलतं."

रात्रभरात तेल खाली उतरतं. सकाळचे पहिले काही श्वास इंजिन कोरड्याने घेतं, तेव्हा आतली ढिली चेन, झिजलेली पट्टी, सगळं उघडं पडतं. तेल वर चढलं की पाहुणे आल्यावरच्या सासू-सुना. कोण म्हणेल सकाळी भांडत होत्या!

एवढा नियम तिने आयुष्यात एकदाच मोडला. तोही सख्ख्या भावासाठी.

भावाला सगळे भोंगा म्हणत. ड्रायव्हर होता, पण गाडीचा हॉर्न त्याला कधी लागलाच नाही, खिडकीतून "ओ काका!" म्हटलं की पुढची गल्ली रिकामी. बराच काळ बेकार बसून नुकताच कामाला लागला होता. मालक होते एक साहेब, आणि गाडी म्हणजे पांढरी, बैठ्या घराएवढी, आत शिरलं की नव्या बुटासारखा वास येणारी. गॅरेजात तिला हत्ती म्हणत. साहेब गाडीची ओळख स्तोत्रासारखी म्हणून दाखवायचे. दर वाक्याआधी बोट वर.

"लक्षात घ्या, पाच लिटर. लक्षात घ्या, आठ सिलेंडर. वर सुपरचार्जर. पाचशेच्या वर घोडे! दाबली की मान मागे जाते, लक्षात घ्या."

"घोडे पुष्कळ आहेत हो," आत्या एकदा म्हणाली होती, "पण दावण प्लास्टिकची आहे."

साहेब मोठ्याने हसले होते. ती थट्टा करत नव्हती. त्या इंजिनात वरच्या झडपा वेळेवर उघडाव्यात म्हणून लोखंडी चेन फिरते, आणि ती चेन ज्या पट्ट्यांना घासत जाते त्या पट्ट्या प्लास्टिकच्या.

भोंग्याच्या आधीचा ड्रायव्हर दर आठवड्याला म्हणायचा, "साहेब, गाडी आजारी आहे." शेवटी साहेबांनी त्याला घरी बसवलं. भोंग्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, "लक्षात घे, गाडी उभी राहिली की ड्रायव्हरही उभा राहतो. घराबाहेर." भोंग्याने ते घरी येऊन साहेबांच्या आवाजात करून दाखवलं होतं. सगळे हसले होते. तो सोडून.

त्या दिवशी सकाळचं काम रंगात आलं असताना हत्ती गॅरेजसमोर येऊन थांबला. गरम. बॉनेटवर हात ठेवला तर चटका.

"ताई, एक मिनिट ऐक फक्त," भोंगा खाली उतरता उतरता म्हणाला. "साहेबांना दुपारी घाटापलीकडे जायचंय. एक आवाज येतोय. म्हटलं निघायच्या आधी तुझ्या कानावर घालावा."

"कसला?"

भोंग्याने तोंड गोल केलं. "टक्. टक्... टक्-टक्. टक्."

आत्याने पेचकस लावला. इंजिन उभ्या उभ्या घुमत होतं आणि पुढच्या नाकाडातून तोच आवाज येत होता, दारावर कुणी कंटाळून बोट आपटावं तसा.

"सुपरचार्जरचा कपलर," ती म्हणाली. "इंजिनाचा पट्टा हे नाकाड फिरवतो. नाकाडात स्प्रिंग असते, ती आतले दोन पंखे फिरवते, पंखे हवा दाबून इंजिनात कोंबतात. स्प्रिंग झिजली की अशी टकटकते. वैताग आहे, धोका नाही."

"मग जाऊ?"

"सकाळी चालू करताना काय म्हणते?"

"सकाळी?" भोंगा म्हणाला. "सकाळी कसला... हेच. हेच की गं."

हे म्हणताना तो पुढच्या टायरकडे बघत होता. टायर नवाकोरा होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. आत्याच्या ते ध्यानात आलं. तिने म्हणायला हवं होतं, आज ठेव, उद्या सकाळी थंड ऐकते. पण "ठेव" म्हणजे "साहेब, गाडी आजारी आहे." म्हणजे भोंगा पुन्हा घरी, पुन्हा खिडकीत.

"जा," ती म्हणाली. "हळू ने."

दुपारी ती जेवायला घरी गेली. घर गॅरेजच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. बहीण-भाऊ एकत्रच राहत. खिडकीखाली भोंगा रात्री हत्ती लावायचा, कारण साहेबांच्या दाराशी उजाडता उजाडता हजर व्हावं लागे. आत्या मात्र रात्री राखणीला गॅरेजातच झोपायची. खिडकीशी भावजयीचं शिलाई मशीन. ती लोकांचे पडदे शिवायची आणि शिवता शिवता सगळ्या गल्लीच्या नकला करायची. नवऱ्याचा नुसता आवाज मोठा, खरा घसा हिचा. दूधवाल्याची "दूऽऽध" हिने एकदा अशी काढली की तीन दारं उघडली.

"वन्सं, आज हे डबा न्यायला खाली थांबले, तर गाडीत साहेबीणबाई," ती दोरा तोडत म्हणाली आणि मान तिरकी करून नाकातून बोलली, "'ड्रायव्हऽर, एसी आधीच लावून ठेवत जा ना, मला गरम सीट चावते.' चावते म्हणे! सीट आहे का मुंगी?"

आत्या हसली.

"आणि तो तुमचा हत्ती. रोज पहाटे मला गजराची गरज नाही. यांनी किल्ली फिरवली की..." भावजयीने दोन्ही हातांनी मशीन धरलं, डोळे बारीक केले, दात जवळ आणले. "खर्रर्र-खडखडखडखडखड! आणि मग एकदम गुर्रर्रऽऽ. शहाणं बाळ! जसं काही घडलंच नाही."

आत्याचा घास हातातच राहिला.

"पुन्हा कर."

"साहेबीणबाई?"

"गाडी. पुन्हा."

भावजयीने पुन्हा केलं. या वेळी जरा घाबरत, म्हणून आणखी खरं.

"रोज येतो?"

"रोज. आधी एवढासा यायचा. आता तर डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा. मी म्हटलं यांना, वन्संना सांगा. तर म्हणाले, तू तुझे पडदे शिव." भावजयीचा आवाज बारीक झाला. "वन्सं, काय झालं? असं का बघताय?"

ती कपलरची टकटक नव्हती. ती चेन होती. तेल पोचण्याआधी ढिली चेन तुटक्या पट्टीवर आपटत होती. भोंग्याने दोन आवाज ऐकले होते आणि बहिणीला त्यातला गरीब तेवढा काढून दाखवला होता.

आत्याने त्याला फोन लावला. बंद. गाडी चालवताना फोन बंद, हा साहेबांचा नियम. पुन्हा लावला. बंद.

"चेन एक दात जरी सरकली," ती फोनकडे बघतच म्हणाली, "तर झडपा पिस्टनवर आपटतात. इंजिन जागच्या जागी बसतं. स्टिअरिंग जड होतं. ब्रेकचा पाय एक-दोनदा दबतो, मग दगड. घाटात. चढावर. आणि चढावर हा जोर देणारच."

भावजय उभी राहिली. मांडीवरचा पडदा खाली घसरला.

"साहेबांचा नंबर आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"त्यांना सांगितलं तर यांची नोकरी..."

"जाईल."

कशाचाही आवाज ओळखणाऱ्या आत्याला त्या क्षणी डोक्यावरच्या पंख्याची कुरकुरसुद्धा चेन वाटत होती. तिचं बोट नंबरावर होतं आणि खाली जात नव्हतं. बेकारीच्या दिवसांत खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघणारा भोंगा तिला दिसत होता. तेव्हा त्याचा आवाज घरात ऐकूच येत नसे.

भावजयीने पुढे होऊन तिचं बोट दाबलं.

"बोला," साहेब म्हणाले. मागे गाणं लागलं होतं.

"साहेब, कुठे आहात?"

"घाटाच्या पायथ्याशी येतोय. का?"

"कुठे दिसतं का थांबायला?"

"पंप दिसतोय. पण टाकी भरलेली आहे, लक्षात घ्या."

"आत घ्या गाडी. बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. चेन जाणार आहे."

"काय बोलताय! गाडी लोण्यासारखी चाललीय. आणि सकाळी तुम्हीच तर पास केलीत ना?"

"चुकले मी. गरम गाडी ऐकली. साहेब, चढाला लावू नका, आत माणसं आहेत. गाडीत कोण कोण..."

"हॅलो? हॅलो, आवाज तुट..."

आणि फोन बंद पडला. मग लागेना. तिकडे डोंगर सुरू होतो, तिथे कुणाचाच लागत नाही.

गॅरेजच्या क्रेनवाल्याचं नाव घाई, कारण ती त्याला कधी झाली नाही. त्याला अर्ध्या चहावरून उठवून आत्या शेजारी चढून बसली.

"कुठे जायचंय?"

"घाट. पळव."

"पळवतो की," घाई म्हणाला आणि आरसा पुसला, मग दुसरा आरसा पुसला.

"घाई!"

"निघालो, निघालो. चहा तर ओकावा लागेल मला."

रस्ताभर ती बाहेर बघत राहिली. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरचा चेहरा न्याहाळत होती. वर काही झालं असेल तर खाली येणारी माणसं तोंड उघडं ठेवून येतात. एक ट्रकवाला गाणं म्हणत गेला. एक बाई झोपली होती. हे चांगलं लक्षण की वाईट, तिला ठरवता येईना. एका वळणावर अँब्युलन्स मागून ओरडत आली आणि त्यांना ओलांडून पुढे गेली. घाईने एरवी काहीतरी म्हटलं असतं. त्याने गिअर बदलला आणि आयुष्यात पहिल्यांदा क्रेन खरोखर पळवली.

पंप आला. मोकळा. पांढरं काही नाही.

"आत घे तरी," आत्या म्हणाली.

आत वळल्यावर, हवा भरायच्या मशीनमागे, सावली बघून नीट लावलेला हत्ती उभा होता. साहेबीणबाई आत बसून वर्तमानपत्राने वारा घेत होत्या. साहेब फेऱ्या मारत होते. भोंगा बॉनेटपासून चार हात लांब, हात बांधून.

आत्या क्रेनवरून उतरली आणि सरळ बॉनेटकडे निघाली.

"आलात," साहेब म्हणाले. "मी थांबलो, लक्षात घ्या, पण मला आवाज शून्य आलेला आहे. शून्य. बारीकसं काही निघालं तर मी तसाच पुढे जाणार."

"जा," ती म्हणाली. "आधी हे बघा."

बॉनेट उघडलं. तेलाच्या फिल्टरचं झाकण पुढेच असतं. तिने ते पाना लावून हलकेच फिरवलं, कागदी फिल्टर वर काढला, फडक्यावर आडवा धरला आणि नखाने त्याच्या चुण्या एकेक करून उलगडल्या. काळं तेल. काळं तेल. आणि मग एका चुणीत अडकलेले तपकिरी कण, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखे. तिने त्यातला एक साहेबांच्या तळव्यावर ठेवला.

"चेनची पट्टी. हा चुरा वर आला. मोठे तुकडे खाली तेलाच्या तळाशी असतील."

साहेबांनी तो कण दोन बोटांत धरला. वर घाटाकडे बघितलं. गाडीत बसलेल्या बायकोकडे बघितलं. बराच वेळ बोट वर झालं नाही.

"भोंगा," ते शेवटी म्हणाले. "तू रोज पहाटे गाडी चालू करतोस. तुला आवाज आला नव्हता?"

"त्याला मी विचारलंच नाही," आत्या पटकन म्हणाली. "सकाळी गडबडीत..."

"विचारलं होतं," भोंगा म्हणाला.

त्याने बांधलेले हात सोडले. मग मान वर केली आणि पंपावर, टाक्या भरणाऱ्या माणसांच्या देखत, सगळा घसा लावून तो आवाज काढला. "खर्रर्र-खडखडखडखडखड!" एक स्कूटरवाला दचकून खाली उतरला आणि स्वतःच्याच इंजिनात डोकावला.

"हा येतो साहेब. रोज. ताईला मी दुसराच काढून दाखवला. गाडी उभी राहिली असती ना."

साहेबांनी हात पुढे केला. भोंग्याने त्यावर किल्ल्यांचं जुडगं ठेवलं.

"उद्यापासून येऊ नकोस."

साहेब आणि साहेबीणबाई टॅक्सीने परत गेले. हत्ती क्रेनवर चढला. परतताना तिघं एका बाकड्यावर दाटीवाटीने बसली. घाई पुन्हा सावकाश झाला होता. भोंगा गप्प होता, आणि भोंगा गप्प असला की गाडीत कुणीतरी कमी असल्यासारखं वाटतं.

"ताई," गाव दिसू लागल्यावर तो म्हणाला. "मी सकाळी टायरकडे बघत होतो, ते तुला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"मग?"

"मलाही टायरच बरा वाटला," आत्या म्हणाली.

इंजिन उघडल्यावर पट्टीचे तीन तुकडे तळाशी सापडले. चेनला ताण देणाऱ्या खुंटीने ज्या लोखंडावर रेटा द्यायचा तिथे खळगा पडला होता. आत्याने चेन, पट्ट्या, खुंट्या, सगळं नवं घातलं. सुपरचार्जर वर उचललाच होता, तर टकटकणारा कपलर बदलला. त्याच्याखाली इंजिनाचं पाणी नेणारी प्लास्टिकची नळी लपलेली असते. ती फुटली तर पाणी गरम इंजिनावरच वाळून जातं, खाली थेंबही दिसत नाही, आणि एक दिवस इंजिन तापून बसतं. बोटाने दाबली तर बिस्किटासारखी कडकली. तीही बदलली. झडपांवरची काजळी खरवडली. भोंगा रोज गॅरेजात येऊन बसायचा आणि नट धुवायचा.

मग हत्ती एक रात्र गॅरेजात उभा राहिला. सकाळी साहेब आले, न सांगता लवकर.

"करा चालू."

"मी ऐकेन," आत्या म्हणाली. "पण तो पहाटेचा आवाज मी कधी ऐकलेला नाही. गेला की नाही, मला कसं कळणार? तो फक्त दोघांनी ऐकलाय. माझ्या भावाने आणि भावजयीने."

"मग भावजयीला बोलवा."

"ती पडदे शिवतेय. भाऊ मोकळाच आहे."

साहेबांनी ओठ दाबले. भोंगा हात पुसत पुढे आला आणि बॉनेटजवळ उभा राहिला. त्यांच्याकडे बघितलं नाही. आत्याने बॉनेटवर हात ठेवला. गार.

"दे."

रंगाऱ्याने साहेबांनी गॅरेजात दिलेली दुसरी किल्ली फिरवली. घुर्रर्र... आणि इंजिन जागं झालं. खडखड नाही. कपलरची टकटक नाही. आठही सिलेंडर एका सुरात. साहेबांचा चेहरा उजळला.

"काय?" ते भोंग्याला म्हणाले. "झकास ना?"

भोंगा ऐकत होता. "झकास" म्हणायचं की झालं. साहेबांचा हात खिशातल्या, भोंग्याकडून काढून घेतलेल्या जुडग्याकडे गेलेला सगळ्यांना दिसत होता. भोंग्याची नजर खाली, पुढच्या टायरकडे गेली.

मग त्याने नजर वर केली.

"खडखड गेली साहेब. पण एक बारीक आहे. वरून येतोय. टिक् टिक् टिक् टिक्."

"पुन्हा?" साहेब ओरडले. "सगळं बदलून पुन्हा?"

आत्याने पेचकस उचलला, टोक टेकवलं, मूठ कानामागे लावली, डोळे मिटले. साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. तिने दोनदा जागा बदलली. मग पेचकस कमरेला खोचला.

"पेट्रोलचा मोठा पंप," ती म्हणाली. "जोराने पेट्रोल ढकलतो, म्हणून टिकटिकतो. या इंजिनात तो आवाज हवाच. थांबला तर मला फोन करा."

साहेबांनी भोंग्याकडे बघितलं. मग किल्ल्यांचं जुडगं काढून त्याच्या हातात टाकलं.

"लक्षात घे," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना सापडेना. "रोज सकाळी मला फोन. आवाज ऐकवायचा."

"फोनवर नीट येत नाही साहेब."

"मग तोंडाने काढ!"

भोंग्याने मान डोलावली आणि दार उघडलं, इतक्या जोरात की रंगाऱ्याचा डबा सांडला. साहेब बसता बसता थांबले, आत्याजवळ परत आले आणि आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते पाहून, बोट वर न करता, हळूच म्हणाले, "तो पंपाचा... टिक् टिक् टिक्. असाच ना? की टक् टक्?"

आत्याने चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही.

"टिक्," ती म्हणाली. "पुन्हा काढा बघू."